घरामागच्या मोकळ्या जागेत टर्फचं मैदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतही बॉक्स क्रिकेटची, म्हणजे जाळीने बंद केलेल्या छोट्या मैदानात खेळायच्या क्रिकेटची, भाड्याची टर्फं (कृत्रिम गवताची मैदानं) उभी राहिली. तिथे तास लावून खेळून आलेली मुलं घरी आली की विचारतात, आपल्या बंगल्यामागे असं करता येईल का? करता येतं. पण आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं पहिला प्रश्न गवताचा विचारतात: किती मिलीमीटरचं, कुठल्या कंपनीचं, कुठला हिरवा. आम्ही त्यांना आधी जमिनीकडे वळवतो. मैदान बिघडतं ते जवळजवळ नेहमी खालून बिघडतं, म्हणून या पानावरही जमिनीलाच जास्त जागा दिली आहे.

टर्फ घालावंच का? साधं मातीचं अंगण चालणार नाही का?

चालतं, आणि अनेक घरांना तेच पुरतं. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवलेल्या अंगणात लहान मुलं वर्षातले आठ महिने मजेत खेळतात. नुसती हिरवळ हवी असेल तर हरळी लावा. ती थंड राहते, पाणी मुरवते आणि प्लास्टिकपेक्षा शतपटीने चांगली दिसते.

टर्फ उपयोगी पडतं ते रोज खेळ होणार असेल, चिखलामुळे पावसाळ्याचे महिने वाया जात असतील, किंवा धुळीचा त्रास असलेलं कोणी घरात असेल तेव्हा. आठवड्यातून एकदा पाहुणे आल्यावर खेळायचं असेल तर एवढा खर्च करू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

किती जागा लागते?

खेळ आधी ठरवा, मग टेप धरा. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट लांब आणि १० फूट रुंद असते. गोलंदाजाची धाव आणि यष्टींमागची जागा धरली तर पूर्ण लांबीच्या नेटला शंभर फुटांच्या आसपास जागा हवी. बहुतेक घरांमागे एवढी जागा नसते. बारा-चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना १६ ते १८ यार्डांची पट्टी पुरते, त्यामुळे ६० ते ७० फूट लांबीत टेनिस बॉलचं क्रिकेट आणि तिघा-तिघांचा फुटबॉल आरामात बसतो. रुंदी २५ फुटांच्या आत आली की चेंडू सतत जाळीवर आपटतो आणि खेळाची गंमत जाते, म्हणून आम्ही २६ फूट रुंदी सुचवतो.

जागा ठरवताना लांबीची बाजू शक्यतो दक्षिणोत्तर ठेवा. पूर्व-पश्चिम मैदानात संध्याकाळचं ऊन थेट फलंदाजाच्या किंवा गोलकीपरच्या डोळ्यांत जातं. आपल्याकडे घरची माणसं खेळतात ती नेमकी पाच-साडेपाचनंतर.

बॅडमिंटन, पिकलबॉल, टेनिस हे सगळं एकाच टर्फवर होईल का?

पिकलबॉलचं कोर्ट ४४ बाय २० फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढंच. आखायला सोपं, म्हणून बरेच जण टर्फवर त्याच्याही रेषा मागतात. पण पिकलबॉलचा प्लास्टिकचा चेंडू गवतावर मरतो, उसळतच नाही. पिकलबॉल हाच मुख्य खेळ असेल तर टर्फ सोडा आणि काँक्रीटवर ॲक्रिलिकचं कोर्ट करा. बॅडमिंटनला उसळी लागत नाही, पण उघड्यावर वारा शटल उडवतो आणि उंच गवतात पाय झपकन वळत नाही. टेनिससाठी आखूड, वाळू भरलेलं टर्फ असतं आणि ते उत्तम खेळतं, मात्र ७८ बाय ३६ फुटांचं कोर्ट अधिक भोवतीची मोकळी जागा हा अर्ध्या एकराजवळचा बंगला असलेल्यांचा विचार आहे. व्हॉलीबॉल छान होतो. कबड्डीला टर्फ अजिबात नको. गुडघे आणि कोपरं सोलून निघतात.

खाली नेमकं काय करावं लागतं?

इथे घाई करू नका.

देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भाच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट खडी ओतून टर्फ अंथरलं तर एका पावसाळ्यात मैदानाला लाटा येतात. म्हणून काळी माती काढायचीच. किती, ते जागेवर खड्डा घेऊन ठरवायचं. मुरूम फूट-दीड फुटावर लागला तर तिथपर्यंत जायचं. माती फार खोल असेल तर निदान वरचा फूटभर थर काढून जाड मुरमाचा भराव दोन टप्प्यांत दाबायचा. एकदम ओतलेला भराव रोलरखाली वरून घट्ट दिसतो आणि आत पोकळ राहतो.

कोकणातल्या जांभ्यावर फुगण्याची अडचण नाही. तिथला प्रश्न उताराचा आणि पाण्याचा, तो पुढे येतो.

खोदताना लव्हाळा दिसला तर त्याचे गाठे वेचून काढा. नुसतं वरचं गवत उपटून उपयोग नाही. त्याचा टोकदार कोंब खडीतून आणि टर्फच्या पाठीतूनही वर येतो. हरळीचंही तसंच. मातीच्या पातळीवर जिओटेक्स्टाईल कापड अंथरलं की माती खडीत मिसळत नाही आणि तणही पुष्कळ अडतं.

मग थर येतात. खाली ४० मिलीमीटरची खडी चार इंच, तिच्यावर बारीक खडी दोन इंच, आणि सगळ्यात वर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, इंच-दीड इंच. प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबायचा. कडेला जिथे रोलर पोहोचत नाही तिथे धुमस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर वापरायचा. कडा खचलेली मैदानं आम्ही सगळ्यात जास्त पाहिली आहेत, आणि कारण हेच असतं.

शेवटी दहा फुटांची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी ठिकठिकाणी आडवी-उभी ठेवून पाहा. तिच्याखाली एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर टर्फचा रोल उघडू देऊ नका. हे काम घरमालकाने स्वतः करावं. त्याला ज्ञान लागत नाही, फक्त खाली वाकायची तयारी लागते.

खडीऐवजी सरळ काँक्रीट ओतलं तर?

काँक्रीट सपाट राहतं, पण पाणी मुरवत नाही आणि पडलेल्या मुलाला झेलत नाही. गच्चीवर पर्याय नसतो. तिथे खाली फोमचा शॉक पॅड घालावा आणि त्याआधी वॉटरप्रूफिंग तपासून घ्यावं. जमिनीवर मात्र आम्ही फक्त क्रिकेटच्या पट्टीपुरतं काँक्रीट सुचवतो. तिथे चेंडूला एकसारखी उसळी हवी असते आणि तिथे कोणी झेपही घेत नाही. कडेने मात्र चोहोबाजूंनी काँक्रीटचा कठडा हवाच, टर्फ त्यालाच ताणून चिकटवतात. लाकडी पट्ट्यांना खिळे मारून टर्फ धरणं आपल्याकडे टिकत नाही, वाळवी लागते.

पावसाळ्यात पाणी कुठे जाणार?

एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० बाय २६ फुटांचं मैदान सुमारे १४५ चौरस मीटरचं होतं. त्यावर एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस पडला की साडेचौदा हजार लिटर पाणी जमा होतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर असे दिवस दर वर्षी येतात. हे पाणी जाईल कुठे, याचं उत्तर कागदावर काढल्याशिवाय कुदळ मारू नये.

टर्फच्या पाठीला भोकं असतात. त्यांतून पाणी खडीत उतरतं आणि खडीतून कडेच्या चरात जातं. त्यासाठी मैदानाला शंभराला एक असा उतार पुरतो: २६ फूट रुंदीला साधारण तीन इंच. खेळताना तो जाणवत नाही. उतार घराकडे किंवा शेजाऱ्याच्या भिंतीकडे द्यायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. चराच्या तोंडाशी बारीक जाळीची पेटी बसवा. तिच्यात टर्फचे तुटलेले धागे आणि भरलेली वाळू अडते, नाहीतर ती सगळी नाल्यात आणि तिथून नदीत जाते. पेटीच्या पुढे पाणी शोषखड्ड्यात सोडता आलं तर फारच चांगलं. विहिरीत किंवा बोअरमध्ये ते थेट सोडू नका.

टर्फ निवडताना काय पाहायचं?

बाल्कनीत घालायचं शोभेचं टर्फ आणि खेळायचं टर्फ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शोभेचं मऊ आणि भरगच्च दिसतं, त्यात खाली तपकिरी कुरळे धागे असतात, आणि रोजच्या खेळाखाली ते लवकर लोळून जातं. ऑनलाइन स्वस्त दिसतं ते बहुतेक हेच.

खेळाच्या टर्फचे धागे सहसा पॉलिइथिलिनचे असतात. कोटेशनमध्ये डीटेक्सचा आकडा दिसेल. तो १०,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन सांगतो. जास्त असेल तर धागा जाड. पण टाके विरळ असतील तर जाड धाग्याचाही उपयोग नाही, म्हणून चौरस मीटरला किती टाके आहेत तेही विचारा. उंचीचं म्हणाल तर फुटबॉलला ४० ते ६० मिलीमीटर, क्रिकेटच्या पट्टीला १० ते १५, आणि घरच्या मिश्र खेळाला २५ ते ३५ मिलीमीटरचं दाट टर्फ आम्हाला पटतं. ५० मिलीमीटरच्या गवतात टेनिस बॉल रुततो आणि मुलं दोन दिवसांत क्रिकेटचा नाद सोडतात.

नमुना घरी आणा. एक झुपका पकडून जोरात ओढा, तो निघता कामा नये. धागे दुमडून मुठीत दाबा आणि सोडा, ते पुन्हा उभे राहायला हवेत. आणि ‘फिफा अप्रूव्ड’ या शब्दांना भुलू नका. फिफाचं प्रमाणपत्र प्रत्यक्ष बसवलेल्या मैदानाची चाचणी घेऊन त्या मैदानाला मिळतं. तुमच्या अंगणात ती चाचणी होणार नसते.

रुंदी २६ फूटच का सुचवता?

टर्फचे रोल साधारण २ किंवा ४ मीटर रुंदीचे येतात. २६ फूट म्हणजे ७.९२ मीटर. त्यात २ मीटरचे चार रोल जवळजवळ तंतोतंत बसतात. तेच मैदान ३० फूट रुंद केलं तर ९.१४ मीटरला पाच रोल लागतात आणि ६० फूट लांबीत सुमारे १७० चौरस फूट टर्फ कापून फेकावं लागतं, ज्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात. जागा असेल तर सरळ ३२ फुटांवर जा.

सगळे रोल एकाच दिशेने अंथरले आहेत का, हेही पाहा. एक जरी उलटा पडला तरी उन्हात त्याचा पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो. जोड खालून रुंद पट्टी आणि पॉलियुरेथेनचा गोंद लावून चिकटवतात. पांढऱ्या रेषा रंगवण्यापेक्षा पांढऱ्या टर्फच्या पट्ट्या कापून बसवलेल्या बऱ्या.

टर्फच्या धाग्यांमध्ये काळे रबराचे दाणे घालावेत का?

घरी घालू नका, असं आमचं मत आहे. ते जुन्या टायरचे असतात, उन्हात तापतात, मुलांच्या मोज्यांतून घरभर होतात आणि पावसाबरोबर वाहून जातात. युरोपीय संघाने २०२३ साली सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात मैदानांत भरायच्या अशा दाण्यांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंदी येते. घरच्या मैदानाला धुतलेली, गोल कणांची सिलिका वाळू पुरते. १४५ चौरस मीटरवर १५ मिलीमीटरचा थर द्यायला साडेतीन टनांच्या आसपास वाळू लागते. ती थोडी थोडी पसरून प्रत्येक वेळी ब्रश मारायचा असतो. नदीची वाळू चाळून वापरू नका. तिच्यातली माती पहिल्याच पावसात टर्फची भोकं बुजवते.

उन्हाळ्यात टर्फ तापतं का?

तापतं, आणि खूप तापतं. कडक उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. नागपूर, अकोला, चंद्रपूर भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अनवाणी पाय ठेवला तर भाजतो. रांगतं बाळ किंवा कुत्रं घरात असेल तर हे विसरू नका. पाणी मारल्याने थोडा वेळ गारवा येतो, मग पुन्हा तेच. ज्या जिल्ह्यांत मार्चपासून टँकर सुरू होतात तिथे त्यासाठी पाणी ओतणं बरोबरही नाही. सकाळी नऊच्या आत आणि उन्हं उतरल्यावर खेळायचं, हाच खरा उपाय.

पश्चिमेला कडुलिंब किंवा करंज असेल तर तो तोडू नका. पानं झाडावी लागतील, पण तीच सावली चार वाजता मुलांना मैदानावर आणते. शहरी भागात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगीही लागते. १९७५ चा कायदा तुमच्या स्वतःच्या आवारातल्या झाडांनाही लागू आहे.

जाळी, खांब आणि दिवे यांचं काय?

टेनिस बॉलसाठी नायलॉन किंवा एचडीपीईची जाळी पुरते. बाजूंना १५ ते २० फूट उंची ठेवा आणि शक्य तर वरूनही जाळी घ्या. लेदर बॉल घरामागे नको. खांब गॅल्व्हनाइज्ड पाइपाचे आणि पाया काँक्रीटचा हवा. जाळीला कोणी हिरवं शेडनेट किंवा फ्लेक्स बांधायला सुचवलं तर नकार द्या. वळवाच्या वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं आणि खांब वाकवतं. रोज सकाळी जाळीवरून एक नजर फिरवा. पोपट, बुलबुल, रात्री वटवाघळं अडकतात आणि वेळेवर सोडवली तर वाचतात.

एलईडी फ्लडलाइट खाली तोंड करून लावा, शेजारच्या बेडरूममध्ये प्रकाश जाता कामा नये. ओल्या जमिनीवर, लोखंडी खांबांवर वीज नेत आहात, तेव्हा प्रत्येक खांबाला अर्थिंग आणि सगळ्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. इथे पैसे वाचवायला आम्ही कोणालाही मदत करत नाही.

परवानगी लागते का? शेजाऱ्यांनी तक्रार केली तर?

उघड्या जमिनीवर टर्फ अंथरणं आणि त्यावर छत घालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र्याची शेड म्हणजे बांधकाम. सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामध्ये सोडायच्या मोकळ्या जागेत, काय चालतं ते नगरपालिकेत किंवा महापालिकेत नकाशा दाखवून आधी विचारा. खांब आणि जाळी उंच असतील तर त्याबद्दलही विचारा. सोसायटीतला रो-हाउस असेल तर समितीचं लेखी पत्र घ्या. तास लावून भाड्याने देणार असाल तर तो व्यवसाय झाला, त्याचे नियम, वीजजोडणी आणि जमिनीचा वापर सगळंच बदलतं.

आवाजाचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. पण भांडण डेसिबल मोजून होत नाही. शेजारच्या काकांची दुपारची झोप, त्यांच्या मुलीची बारावी, हे विचारून खेळाच्या वेळा ठरवा आणि त्यांच्या नातवंडांना खेळायला बोलवा. काम सुरू होण्याआधी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं तर पुढचे बरेच प्रश्न उभेच राहत नाहीत.

काम कोणत्या महिन्यात करावं?

घाई नसेल तर खोदकाम आणि खडी-मुरमाचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका आणि पूर्ण पावसाळा ते तसंच उघडं राहू द्या. जिथे खचायचं तिथे खचेल, पाणी कुठे साचतं ते डोळ्यांना दिसेल. दसऱ्यानंतर ते खड्डे भरून, पुन्हा रोलर फिरवून टर्फ घाला. गोंदालाही कोरडी हवा लागते. हा सल्ला कंत्राटदाराला आवडत नाही, त्याचे पैसे सहा महिने अडकतात. मुलांनाही आवडत नाही. तरी आम्ही तोच देतो. जूनच्या तोंडावर घाईने टर्फ घालणं मात्र कोणीच करू नये.

खर्च किती येतो?

चौरस फुटाचा एकच दर सांगणाऱ्याकडून थांबून तपशील मागा. खोदकाम आणि माती वाहून नेणं, मुरूम-खडी-कच, कठडा आणि चर, टर्फ, वाळू, बसवण्याची मजुरी, खांब-जाळी, वीज अशा आठ ओळी वेगवेगळ्या लिहून घ्या. खडीचं माप स्वतः काढा: ६० बाय २६ फुटांवर दाबलेला सहा इंचांचा थर म्हणजे ७८० घनफूट, म्हणजेच ७.८ ब्रास. सुटी खडी दाबल्यावर बसते, म्हणून १० ब्रासच्या आसपास मागवावी लागेल. कोटेशनमध्ये पाच ब्रास दिसली तर थर तीन इंचांचा होणार आहे, हे लगेच कळतं.

बजेट कमी पडत असेल तर मैदान लहान करा, दिवे पुढच्या वर्षी लावा, टर्फ मध्यम प्रतीचं घ्या. खालच्या थरांना हात लावू नका. टर्फ आठ-दहा वर्षांनी बदलायचंच असतं, पाया मात्र नीट केला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्फलाही तोच चालतो.

निगा किती लागते?

आठवड्याला पानं झाडा आणि कडक नायलॉनच्या ब्रशने धागे उलट दिशेने उभे करा, विशेषतः गोलच्या तोंडाशी आणि फलंदाज उभा राहतो तिथे. तिथली वाळू वर्षातून एकदा भरावी लागते. सावलीच्या, ओलसर कोपऱ्यात श्रावणापर्यंत शेवाळ धरतं. ते घासून काढा आणि त्या कोपऱ्यातला निचरा तपासा. कुत्र्याने लघवी केली तर लगेच भरपूर पाणी ओता. जोड सुटलेला दिसला तर त्याच आठवड्यात चिकटवून घ्या, त्यात पाय अडकून घोटा मुरगळतो.

दिवाळीत, लग्नकार्यात ही जागा वापरता येईल का?

फटाके अजिबात नाहीत. भुईचक्राची किंवा फुलबाजीची एक ठिणगी टर्फ वितळवते आणि भोक पाडते. शेकोटी, होळी, बार्बेक्यूही दूर. मांडव घालायचा असेल तर खुंट्या ठोकू देऊ नका, कडेच्या खांबांना दोर बांधा किंवा वाळूची पोती ठेवा. खुर्च्या-टेबलं चालतात, गाडी नाही. वाळवणं घालायची तर खाली जुनी सतरंजी अंथरा.

कोणते बूट घालावेत?

छोट्या रबरी खड्यांचे, ज्यांना दुकानात टर्फ शूज म्हणतात ते. लोखंडी किंवा लांब स्टडचे बूट पाय अडकवतात आणि गुडघ्यावर ताण येतो. टर्फवर घसरून खरचटलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, तिच्यात वाळू आणि घाण राहते.

जुनं झाल्यावर टर्फचं काय करायचं?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात आणि आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो. धागा एका प्लास्टिकचा, पाठ दुसऱ्याची आणि वर गोंद, अशा वस्तूचा पुनर्वापर अवघड आहे. ते जाळायचं नाही. वाळू झटकून काढली तर ती नव्या टर्फला वापरता येते. बऱ्या अवस्थेतले तुकडे शाळेच्या घसरगुंडीखाली किंवा व्यायामशाळेच्या अंगणात कामाला येतात. बसवतानाच कंत्राटदाराकडून जुनं टर्फ परत नेण्याची अट लेखी घ्या. ती मान्य नसेल, तर दहा वर्षांनी चारशे-पाचशे किलो प्लास्टिक तुमच्या दारात पडणार आहे, हे धरून निर्णय घ्या.